गाण्याला उत्तर देता आलं पाहिजे

गेल्या गणपतीत आमच्या शाळेच्या पटांगणात शक्ती-तुऱ्याचा, म्हणजे दोन पक्षांच्या शाहिरांतल्या सवाल-जवाबाचा, सामना होता. रात्रीचे बारा वाजून गेले होते. पाऊस नुकताच उघडला होता आणि ताडपत्रीच्या पोटात साठलेलं पाणी पोरं मागून बांबूने ढोसून काढत होती. गण झाला, गौळण झाली. मग तुरेवाल्यांकडून चोवीस-पंचवीस वर्षांचा एक पोरगा पुढे आला. दिवसा तो वडापची रिक्षा चालवतो. धोपाव्याच्या जेटीवर दाभोळहून येणाऱ्या फेरीबोटीची वाट बघत बसलेला असतो, तेव्हा मोबाईलवर गाणी लिहितो. त्या रात्री त्याने राधा-कृष्णाला जरा बाजूला बसवलं आणि थेट महाडला गेला. चवदार तळ्यावर.

पद चांगलं होतं, ढोलकीवर नीट बसलेलं. धृपद असं होतं: ‘वीस मार्चला ओंजळ भरली, तळं मोकळं झालं.’ शिट्ट्या पडल्या. दोघा-तिघांनी पन्नासच्या नोटा आणून दिल्या. मग शक्तीवाल्यांचा म्हातारा शाहीर उठला. सत्तरी ओलांडलेला माणूस, एका गुडघ्यावर हात ठेवून उभा राहतो. त्याने चाल बदलली नाही, आवाजही चढवला नाही.

कागद आधी, ओंजळ मागनं, दहा वर्सांनी कोर्ट
मधल्या दहाचा हिसाब दे रं, नको नुसता थाट

पटांगणातल्या निम्म्या लोकांना यातलं काही कळलं नाही. पोराला कळलं. त्याचा चेहरा उतरला, कारण म्हातारा बरोबर होता.

१९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता की सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला. कागद तयार होता. तळ्याकडे जायची छाती कुणाला होत नव्हती, आणि जाऊ दिलंही नसतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यामागून परिषदेला आलेले लोक तळ्यावर गेले, पाणी प्यायले. परत येताना त्यांच्यावर हल्ला झाला. आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी आवई कुणीतरी उठवली होती. पुढे तळ्याची ‘शुद्धी’ झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. म्हणजे ‘तळं मोकळं झालं’ हे म्हणायला दहा वर्षं लागली. निकाल आला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे एका काठावर बसून पाणी प्यायले, असंही नाही.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षक आहे. चवदार तळ्याचा धडा मी किती वर्षं शिकवला, मोजलेलं नाही. पण ‘तळं मोकळं कधी झालं?’ हा प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. तो मला रात्री बारानंतर, चिखलात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, एका जेमतेम चौथी शिकलेल्या शाहिराकडून ऐकायला मिळाला. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती इथे मांडतो.

हल्ली इतिहासावर आणि संविधानावर गाणी रचणारी पुष्कळ तरुण मुलं आहेत. कोकणातही आहेत. कुणी जाखडीच्या नाचगाण्यात लिहितं, कुणी रॅप करतं, कुणी किल्ल्यावर ड्रोन उडवून त्याखाली ढोल-ताशा लावतं. त्यांचं कौतुक करायची आपल्याला घाई असते: बघा, आजची पिढी इतिहास विसरली नाही! मला हे कौतुक पुरेसं वाटत नाही. इतिहास गाण्यात आला एवढ्याने नागरिक घडत नाही. ऐकणाऱ्याला ज्या गाण्यापुढे फक्त हात वर करून घोषणा देता येते, ते गाणं त्याला प्रेक्षकच ठेवतं. ज्या गाण्याला समोरून उत्तर देता येतं, चूक दाखवता येते, हिशेब मागता येतो, तेच गाणं नागरिकाचं. आणि अशा गाण्याचा घाट आमच्या या किनारपट्टीवर आधीच तयार आहे, तोही गावोगावी.

शक्ती-तुरा म्हणजे काय, हे बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. शक्तीवाले मायेला, प्रकृतीला मोठं मानतात. तुरेवाले शिवाला, पुरुषाला. दोन्हीकडचे शाहीर आपापल्या गुरूंच्या घराण्यातले. जाखडीत पोरं पायात चाळ बांधून गोल नाचतात, मध्ये वाद्यं आणि गाणारे. आणि सवाल-जवाब. एकाने पुराणातला सवाल टाकायचा, दुसऱ्याने त्याच ठिकाणी, त्याच रात्री उत्तर द्यायचं. चाकरमान्यांनी हे मुंबईला नेलं आणि परळ-लालबागच्या नाट्यगृहांतही ‘जंगी सामने’ रंगले. आता सामन्यांचं काय झालंय तेही मला माहीत आहे. निम्मा वेळ एकमेकांची आई-बहीण काढण्यात जातो, समोर बाई शाहीर असली की जिभेला हाडच राहत नाही, आणि लोक त्यालाच पैसे लावतात. त्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण त्या सगळ्या गाळाखाली जो नियम आहे तो फार मोलाचा आहे: तू जे गायलास त्याला तू जबाबदार, आणि तुझ्या तोंडावर तुला प्रश्न विचारायचा हक्क समोरच्याला आहे. ग्रामसभेत हा नियम कायद्याने आहे. सामन्यात तो अंगवळणी पडलेला आहे.

मोबाईलवरच्या गाण्याला हा समोरचा माणूस नसतो. खाली कुणी चार ओळी खरडतो, पण तो स्टेजवर उभा नसतो. त्याचं गाव, त्याचं घराणं, त्याचा गुरू कुणाला ठाऊक नसतो. त्याला उत्तर न देता पुढे सरकता येतं. सामन्यातल्या पोराला सरकता येत नव्हतं. ढोलकी चालू होती आणि पाचशे माणसं बघत होती.

गाण्यातून नागरिकपण शिकवायची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला मजकूर बदलला. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी तेच केलं, वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात फिरले. १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांनी कलापथक उभं केलं आणि पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तेच आवाज मैदानं भरून ऐकू आले. या सगळ्यांकडे एक गोष्ट होती: समोर विरोधक होता. खोत, सावकार, गिरणीमालक, मोरारजींचं सरकार. गाणं कुणालातरी झोंबत होतं. नंतर सरकारी योजनांची कलापथकं आली. हुंडा घेऊ नका, हात धुवा, शौचालय बांधा. वाईट काहीच नाही त्यात, पण त्या गाण्यात सवाल नसतो, जवाब मात्र आधीच छापून आलेला असतो. मानधनाच्या बिलासकट.

झोंबण्यावरून माझीच गोष्ट सांगतो. आमचं घर खोताचं, म्हणजे सरकारसाठी गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराचं. खोती गेली त्याला पाऊणशे वर्षं झाली. १९४९ च्या कायद्याने ती रद्द झाली, कूळकायद्याने उरलंसुरलं गेलं. पण गावात अजून म्हातारी माणसं आमच्या पडवीला ‘खोताची पडवी’ म्हणतात. सामन्यानंतर दोनेक महिन्यांनी त्या पोराने चरीच्या संपावर पद लिहिलं आणि मला ऐकवायला आला. अलिबाग तालुक्यातलं चरी. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ साली तिथल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं सोडलं, ते १९३९ पर्यंत. भातशेतीवर जगणाऱ्या माणसांनी पाच-सहा पावसाळे भात लावलं नाही. लाकूडफाटा विकला, खाडीतले खेकडे-मासे विकले, उपास काढले. बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक कायदेमंडळात मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत गेला.

त्याच्या पदात खोत म्हणजे मिशा, चाबूक, पानाची पिंक. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, “अरे, चाबूक मारणारा खोत सोपा असतो. माझा आजोबा कुणावर हात उगारत नव्हता. तो पावसाळ्यात कुळाला भात द्यायचा आणि सुगीला दीडपटीने वळता करून घ्यायचा. कूळ त्याच्या पाया पडायचं. हे गा की.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “गुरुजी, तुमी खोताचेच ना? मंग हे तुमीच सांगतलंत तर बरं, मी कसा बोलणार?”

यात दोन्ही अडचणी आल्या. मला पदातला खलनायक पसंत नव्हता, कारण तो खोटा होता. पण खरं सांगायचं तर तो माझ्या आजोबांसारखा दिसत नव्हता म्हणून मी निवांतही होतो. चाबूकवाल्या खोताला आमच्या घरातले सगळे टाळ्या वाजवतील. वळत्या भाताच्या हिशेबाला नाही वाजवणार. इतिहासावरचं गाणं जेव्हा नुसतं दुष्ट आणि सुष्ट उभे करतं, तेव्हा ऐकणारा आपोआप सुष्टांच्या बाजूला जाऊन बसतो. कुणाचंच काही बिघडत नाही.

शिवछत्रपतींवरच्या गाण्यांचं तर विचारूच नका. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, रायगड. तलवार, भगवा, गर्जना. या गाण्यांमधली भक्ती खरी असते, तिच्यावर मला शंका नाही. पण याच कोकणात, चिपळूणजवळच्या छावणीतल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना राज्याभिषेकाच्या सुमारास गेलेलं महाराजांचं एक पत्र आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण-दाणा आत्ताच उधळलात तर घोडी मरतील, मग तुम्ही रयतेच्या दाण्यावर, गवतावर, भाजीपाल्यावर हात टाकाल. तसं केलंत तर लोकांना मोगल बरे वाटतील, अशी त्यातली तंबी. जे लागेल ते बाजारातून विकत आणा. आणि रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका. उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल, गवताला आग लागेल. राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार करतो! मला विचाराल तर नागरिकशास्त्राच्या अख्ख्या पुस्तकात याहून चांगला धडा नाही: सत्तेच्या माणसाने रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावायचा नाही, आणि लावला तर राज्याची इज्जत जाते. मी ते पत्र त्या पोराला वाचायला दिलं. त्याने त्यावर कडवं केलं. उंदराच्या ओळीला पोरं हसली. हसू देत. पुढची ओळ होती, ‘आजचा हाकिम देठ सोडा, अख्खी पात उपटतो,’ त्यालाही हसली, पण पहिल्या रांगेतले दोन पांढरे शर्ट हसले नाहीत.

इथवर सगळं ठीक चाललं. अडलं ते पुढे.

या शिमग्याआधी त्याने गावकीवर पद लिहिलं.

गावकीला रे सहाणेवरती गाव सगळा हजर
ग्रामसभेला कोरम नाही, शिपाई लावी नजर

कोकणातल्या माणसाला यातलं काही समजावून सांगायला नको. बाहेरच्यांसाठी एवढंच: गावकी म्हणजे गावाचे मानपान आणि रिवाज ठरवणारी बैठक, सहाण म्हणजे पालखी बसवायचा चौथरा. पालखी कुणाच्या दारी आधी, मान कुणाचा, नारळ कुणी वाढवायचा, यावर गावकीच्या बैठकीला माणसं मुंबईहून रजा टाकून येतात. ग्रामसभेला गणपूर्तीसाठी मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमत नाहीत आणि सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून मग चार जणांत ठराव होतात. गावकीत बायका बसत नाहीत. कायद्याने बायकांची वेगळी सभा ग्रामसभेच्या आधी घ्यायची असते. ती पुष्कळदा वहीतच होते. आणि गावकीचा निर्णय ज्याने मोडला त्याला वाळीत टाकायचं: त्याच्याकडे जायचं नाही, त्याला बोलवायचं नाही, त्याच्या मयताला खांदा द्यायचा नाही. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारींवर तक्रारी आल्या. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ मध्ये मंजूर केला, तो २०१७ पासून लागू आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. या सगळ्याची त्याच्या पदात चार कडवी होती.

सामना भरवणाऱ्या मंडळाच्या माणसांनी त्याला बोलावून सांगितलं, “इतिहास गा. गावकी नको.”

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा घोळवून बघितलं. त्यात राग नव्हता. उलट मायेने सांगितलं होतं, पोराचं नुकसान होऊ नये म्हणून. चवदार तळं चालतं, कारण ते महाडात आहे आणि १९२७ मध्ये आहे. चरी चालते. चिरनेर चालतं, १९३० च्या जंगल सत्याग्रहात गोळ्या घालणारे इंग्रजांचे पोलीस होते, त्यांचं इथे कुणी नातेवाईक नाही. पण महाडात त्या दिवशी जे मोडलं ती गावकीच होती. कुणी कुठलं पाणी प्यायचं हे कायदेमंडळाने ठरवलं होतं, नगरपालिकेने ठरवलं होतं, आणि तरी शेवटचा शब्द गावाच्या रिवाजाचा चालला होता. कागद एक सांगत होता आणि सहाण दुसरं. पोराने एवढंच केलं की म्हाताऱ्या शाहिराच्या प्रश्नाला उत्तर शोधता शोधता तो स्वतःच्या गावात येऊन पोचला.

‘कलेत राजकारण आणू नये’ असं यावर सांगितलं जातं. आमच्या सामन्याच्या बॅनरवर सात फोटो होते, त्यांतले पाच जिल्हा परिषदेला इच्छुक. माईकवाल्याचे पैसे एकाने दिलेले, मंडप दुसऱ्याने. तेव्हा राजकारण आलेलंच असतं, फक्त ते गात नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे आणि तो मला थोडाफार पटतो. गाणं म्हणजे इतिहास नव्हे. चालीत बसवायला तपशील छाटावे लागतात, यमकासाठी माणसं बळी जातात. महाडच्या नगरपालिकेचे सुरबा टिपणीस, परिषदेसाठी राबलेले दासगावचे रा. बा. मोरे, डिसेंबरातल्या दुसऱ्या परिषदेला हिंदूंनी जागा नाकारल्यावर आपली जागा देणारे फत्तेखान, यांतला एकही त्या पोराच्या पहिल्या पदात नव्हता. तळं, ओंजळ आणि बाबासाहेब. डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी फ्रान्समधल्या १७८९ च्या राष्ट्रीय सभेशी आपल्या सभेची तुलना केली होती, हेही त्याला माहीत नव्हतं, आता आहे. पण यावर उपाय गाणं थांबवणं हा नाही. उपाय आहे समोर दुसरा शाहीर उभा करणं. म्हाताऱ्याने दोन ओळींत जी दुरुस्ती केली, ती प्रयोगाआधी संहिता तपासणाऱ्या कुठल्या परिनिरीक्षण मंडळाला जमली नसती. त्यांनी फार तर एखादा शब्द खोडला असता.

माझं म्हणणं शाळांनाही लागू आहे, म्हणून सांगून टाकतो. पंधरा ऑगस्टला समूहगीतं होतात, संविधानदिनाला उद्देशिकेचं वाचन होतं. मीही पोरांकडून घेतलं, एका सुरात, हात पुढे करून. ‘दर्जाची व संधीची समानता’ हे शब्द दोनशे पोरांनी एकदम म्हटले की छान वाटतं. त्याऐवजी दोन गट करून एकाला सांगितलं असतं की आपल्या गावात ही समानता कुठे आहे ते पदात सांगा, आणि दुसऱ्याला, कुठे नाही ते, तर काय झालं असतं? पालक आले असते शाळेत, हे नक्की. केंद्रप्रमुखांचा फोनही आला असता. म्हणून नाही केलं. पस्तीस वर्षांत एकदाही नाही.

एक गोष्ट त्या पोराने अजून लिहिलेली नाही. आमच्या गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनचा वीजप्रकल्प आला. १९९२ चा सामंजस्य करार, २००१ मध्ये वीज बंद. आमच्या पट्ट्यात कुणी मोर्चे काढले, कुणी तिथे मजुरी केली, काहींनी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं केलं. मी त्याला विचारलं, यावर का नाही लिहीत? म्हणाला, “बापाला विचारतो आधी.” बाप तिथे दोन वर्षं गवंड्याच्या हाताखाली होता आणि मोर्चातही होता. मला हे उत्तर आवडलं. सवाल टाकण्याआधी स्वतःच्या घरातला जवाब ऐकून घ्यावा एवढं त्याला त्या रात्रीने शिकवलं असावं.

गावकीचं पद शिमग्यात झालं नाही. मंडळाने बारी, म्हणजे गायची पाळी, दिली, पण ते पद वगळून. तो गायला, चरी गायला, लोकांना आवडलं. मला वाटलं होतं तो चिडेल, सोडून देईल. तसं काही झालं नाही. ते पद त्याने म्हाताऱ्या शक्तीवाल्याला नेऊन दिलंय, म्हणाला, “तुमी याला उत्तर लिवा. मंग दोघं मिलून मागू बारी.” म्हातारा लिहितोय म्हणतात. गावकीची बाजू घेऊन लिहितोय, आणि गावकीने वादळात कुणाकुणाची घरं शाकारून दिली त्याची यादी करतोय. ती बाजूही आहेच.

मागच्या आठवड्यात पोरगा पुन्हा आमच्या पडवीत आला. चरीच्या पदातला चाबूक त्याने काढून टाकला होता. वळत्या भाताचा हिशेब कसा लिहायचे ते बघायचं होतं. माळ्यावरून मी पोतं काढलं. वाळवीने एक कोपरा खाल्लेली वही निघाली. सगळं मोडीत. मला मोडी वाचता येत नाही, त्याला तर नाहीच. त्याने पानापानाचे फोटो काढले, रत्नागिरीत कुणी वाचून देणारं आहे म्हणाला. मग फोन खिशात ठेवत विचारलं, “गुरुजी, यात आजोबांचं नाव येणार. सामन्यात घेतलं तर चालंल?”

मी त्याला म्हटलं, आधी वाचून तर येऊ दे. आत ओटीवर माझा धाकटा भाऊ बसला होता, त्याने सगळं ऐकलं होतं. पोरगा गेल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, वही परत पोत्यात घाल. वही अजून पडवीतच आहे, बाकड्यावर.